सीनाथडी-बोरीथडीची लढाई

तुमचं कुणी माणूस आयसीयूत असेल आणि ते अचानक तुम्हाला ओळखेनासं झालं, शिव्या देऊ लागलं, नळ्या उपटू लागलं, तर हे तुमच्यासाठी लिहिलंय. आणि तुम्ही स्वतःच त्यातून बाहेर पडला असाल नि आता घरात कुणाकडे मान वर करून बघवत नसेल, तर तुमच्यासाठी जरा जास्तच. औषधांची नावं मला सांगता येणार नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. मी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे. नोकरीचा सगळा काळ आधी कुणाच्या रानात पाणी जायचं यावरून होणाऱ्या मारामाऱ्या मिटवण्यात गेला. मिटवण्यात म्हणजे दोन्ही बाजूंपेक्षा मोठ्याने ओरडण्यात. हे आधीच सांगतो, कारण आजारात माझ्या डोक्याने जे उद्योग केले, त्याचं सगळं सामान याच कोठारातलं होतं.

साधा खोकला

खोकला झाला तेव्हा मी हवेला दोष दिला. माझी बायको महानंदा रोज सकाळी म्हणायची, "डॉक्टरकडं चला की." मी म्हणायचो, "बघू." मग ताप आला. एकदा मी खेकसलो, "तू तुझं बघ." त्यानंतर एका सकाळी आंघोळीचं पाणी तापून पुन्हा गार झालं, तरी मी खाटेवरून उठलो नव्हतो. तिने मैंदर्गीला भावाला, इरण्णाला, फोन लावला आणि तो येईपर्यंत थांबायचं सोडून मला रिक्षात घातलं.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचा. एक्स-रे उजेडाला धरून म्हणाला, "काका, न्यूमोनिया आहे, दोन्ही बाजूंना. वरच्या मजल्यावर ठेवावं लागेल." वरचा मजला म्हणजे आयसीयू, हे मला वर नेल्यावर समजलं. खाली स्ट्रेचरवर असताना मी महानंदाला एवढंच म्हणालो, "स्नेहाला कळवू नकोस." आमची मुलगी पुण्याला, तिचे दिवस भरत आलेले. महानंदा म्हणाली, "बरं." त्या एका 'बरं'मुळे पुढचं सगळं तिला एकटीला ओढावं लागलं. मला तेव्हा ते सुचलंसुद्धा नाही. मी चष्मा आणि घड्याळ काढून तिच्या हातात दिलं आणि आत गेलो. तुमच्यावर वेळ आली तर हे करू नका. चष्मा आत जाऊ द्या, किती वाजले ते त्या माणसाला कळू द्या. डोळ्यांना दिसेनासं झालं की मेंदू आपल्या पदरचं भरायला लागतो.

आमच्या घरच्या नद्या

पुढचं कळायला एक घरगुती चेष्टा माहीत हवी. माझं गाव मोहोळकडचं, सीना नदीच्या काठी. महानंदाचं माहेर मैंदर्गी, अक्कलकोट तालुक्यातलं. तिकडची नदी बोरी. दोन्ही घरं लिंगायतच, पण आमच्या घरात मराठी आणि त्यांच्या घरात कानडी. लग्नाला तीस वर्षं उलटून गेली, ती इथे येऊन माझ्या आईसारखी मराठी बोलायला लागली, मी मात्र 'बा', 'ऊटा', 'नीरु' या तीन शब्दांवर सगळी सासरवाडी निभावून नेली. या, जेवण, पाणी. जावयाला आणखी काय लागतं?

चेष्टा अशी की, तिच्या माहेरचं काही निघालं की मी म्हणायचो, "बोरीला पाणी किती? बेडकाला पोहायला पुरत नाही." ती म्हणायची, "तुमच्या सीनेला तरी कुटं हाय? दुसऱ्याच्या धरनाचं सोडलं तर व्हाती." यावर आम्ही दोघंही हसायचो. निदान मी तरी हसायचो.

लढाई

आयसीयूत दिवस मावळत नाही. पांढरा उजेड सतत चालू, खिडकी नाही, यंत्रांची टुणटुण. चष्म्याविना माणसं म्हणजे पुसट ठिपके. अशात केव्हातरी मला ठाऊक झालं की माझ्या खाटेपासून पडद्यापर्यंत सीनाथडी प्रांत आहे आणि पडद्यापलीकडे बोरीथडी. कुणी सांगितलं नाही, ते ठाऊकच होतं. दोन्ही प्रांतांत युद्ध सुरू होतं आणि सीमा पडद्यावरून गेली होती. नकाशात सीना आणि बोरी एकमेकींना कुठेच भेटत नाहीत, पण माझ्या डोक्यात त्यांच्या सरहद्दीवर खंदक खणलेले होते.

मी सीनाथडीचा मुख्य. वॉर्डबॉय माझा पहारेकरी. माझा जुना पाटकरी, म्हणजे चाऱ्यांना पाणी सोडणारा, तुकाराम, जो मरून कैक वर्षं झाली, तो खाटेच्या पायथ्याशी फावडं घेऊन उभा. औषधांची ट्रॉली ही शत्रूची तोफ, ती फरशीवर गडगडत आली की मी सगळ्यांना खाली वाकायला सांगायचो.

भांडण पाण्याचंच होतं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, माणसाला पाणी पोचेपर्यंत वरच्याने आपलं दार उघडायचं नाही, हा नियम मी नोकरीभर घसा बसेपर्यंत सांगितला होता. आता माझ्याच उशाशी बोरीथडीवाल्यांनी एक दार किलकिलं करून ठेवलं होतं, आणि थेंबाथेंबाने पाणी माझ्या हातातून पलीकडे चाललं होतं. मी हात वर करून सलाईनच्या नळीचं चाक फिरवलं आणि पाणी बंद केलं. सिस्टर चालू करून गेली. मी पुन्हा बंद केलं. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी मी सुईच उपटली. मग त्यांनी माझे दोन्ही हात पट्टीने खाटेच्या दांड्यांना बांधले, आणि मी युद्धकैदी झालो.

महानंदा सकाळ-संध्याकाळ भेटीच्या वेळेला यायची. कधी सिस्टरने सोडलं तर सोबत इरण्णाही. दोघं खाटेशेजारी उभे राहून हळू आवाजात बोलायचे, अर्थातच कानडीत, कारण बहीणभाऊ एकमेकांशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार? त्या बोलण्यातून मला एकच शब्द कळायचा, 'नीरु'. ती बिचारी मला पाणी द्यायचं की नाही ते विचारत असणार. मला कळलं ते एवढंच की शत्रू माझ्या खाटेपाशी येऊन पाण्याची गोष्ट करतोय.

अक्का, माझी थोरली बहीण, काचेतून बघून म्हणाली, "वात झालाय त्याला." आमच्याकडे तापातल्या बरळण्याला वात म्हणतात. डॉक्टरने महानंदाला बाहेर बसवून समजावलं, "काकू, याला डेलिरियम म्हणतात. हे वेड नाही. संसर्ग उतरला की जातं." त्यावर तिने एकच विचारलं, ते डॉक्टरने मला नंतर सांगितलं. तिने विचारलं, "मंग मला वळकतील न्हवं?"

मोकळा हात

हा भाग मी सगळ्यांत शेवटी लिहिला.

एका भेटीच्या वेळी इरण्णा औषधं आणायला खाली गेला होता. महानंदाला माझे बांधलेले हात बघवेनात. ती सिस्टरला म्हणाली, "एक हात सोडा की. मी धरून बसते." सिस्टर नको म्हणत होती. महानंदा गयावया करू लागली. शेवटी सिस्टरने उजवा हात सोडला. महानंदाने तो आपल्या हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने चमच्यातून पाणी माझ्या ओठांशी आणलं.

मी कालव्याच्या भरावावरून पलीकडच्या चारीवर ऐकू जावं अशा आवाजात ओरडलो, "ही बोरीथडीची हेर आहे! हिच्या हातचं पाणी कुणी पिऊ नका! हिला नदीपार हाकला!" सगळ्या खाटांजवळचे नातेवाईक वळून बघायला लागले. आणि जो हात तिने सोडवून घेतला होता, त्याच हाताने मी तिला मारलं. चमचा उडाला. तिच्या मनगटावरच्या हिरव्या बांगड्या खाटेच्या दांडीवर आपटून फुटल्या.

त्या दिवसांतलं बाकी सगळं मला धुरकट आठवतं. तो काचेचा आवाज स्वच्छ आठवतो. तिच्या मनगटातून रक्त आलं, ते चादरीवर पडलं, तेही आठवतं. ती ओरडली नाही. सिस्टर धावत येईपर्यंत तिने माझा हात दाबून धरला, आणि सिस्टरला म्हणाली, "दांडीला लागलं. माजंच चुकलं." मग माझ्या अंगाखाली टोचू नयेत म्हणून चादरीवरचे काचेचे तुकडे तिने एकेक करून वेचले.

बाहेर अक्का बसलेली. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणतसुद्धा नाहीत, वाढवली म्हणतात. नवरा आत मरणाच्या दारात आणि बायको मोकळ्या मनगटाने बाहेर येते, हे बघून अक्का जे बोलायचं ते बोलली. महानंदाने तिलाही दांडीचंच सांगितलं. त्याच संध्याकाळी माझा श्वास जास्त बिघडला आणि घशात नळी घालावी लागली. अक्काने दोन गोष्टींची गाठ मारली, आणि ती गाठ पक्की बसली.

शुद्ध

नळी निघाल्यावर सिस्टरने सांगितलं म्हणून महानंदा चष्मा घेऊन आली. तिने तो पदराने पुसून माझ्या डोळ्यांवर चढवला. रोज आल्यावर ती तेच म्हणायची, "आज सोमवार हाय. तुमी सोलापुरात हाव, दवाखान्यात. मी महानंदा." दुसऱ्या दिवशी, "आज मंगळवार हाय. मी महानंदा." इतक्या वर्षांच्या संसारानंतर ती रोज मला आपलं नाव सांगत होती, न चिडता, जशी काही पहिलीच ओळख आहे. नातेवाइकांनी काय करावं असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. वाद घालू नका, खोटं पाडू नका. वार सांगा, जागा सांगा, आपलं नाव सांगा.

हळूहळू तुकाराम यायचा बंद झाला. पडद्याचा पुन्हा पडदा झाला. पडद्यापलीकडे मंगळवेढ्याचे एक म्हातारे मास्तर होते आणि त्यांना माझा काही उपद्रव झाला नव्हता, हे कळून बरं वाटलं. मग महानंदाच्या मनगटाकडे लक्ष गेलं. नव्या बांगड्या होत्या आणि त्यांच्याखाली चिकटपट्टी. माझं सगळं अंग गरम झालं. तापाने नव्हे. मी त्या मनगटाविषयी विचारलं नाही. डॉक्टर म्हणाला, "काका, त्या दिवसांतलं काही आठवतं का?" मी महानंदासमोर म्हणालो, "छे, काहीच नाही." महानंदाने खाली बघितलं. खूप जणांना खरंच आठवत नाही म्हणे. मला आठवत होतं.

चहाबरोबर

घरी आल्यावर भेटायला माणसं येऊ लागली. आजारी माणसाला काय बोलावं ते कुणाला सुचत नाही, म्हणून मीच सुरू केलं. लढाई सांगायला लागलो. वॉर्डबॉय कसा पहारेकरी, ट्रॉली कशी तोफ, मी कसा ऑक्सिजनचा मास्क लावून फर्मानं सोडत होतो. आणि बोरीथडीने कसं आरमार आणलं. "नदीत घोट्याएवढं पाणी नाही आणि आरमार!" इथे हमखास हशा व्हायचा. आरमार खरं तर लढाईत नव्हतंच, ते मी घरी आल्यावर घातलं. इरण्णासुद्धा हसला. म्हणाला, "भावजी, आमच्या नदीला येवढा मान पयल्यांदाच मिळाला बघा."

सांगून सांगून गोष्टीला चांगली कल्हई चढली. आज कोण येतंय याची मी वाट बघायला लागलो. गोष्टीत हेर नव्हती, मोकळा हात नव्हता. सुई उपटली तिथून मी थेट शुद्धीवर उडी मारायचो. महानंदा ट्रेमध्ये चहा घेऊन यायची, कप ठेवायची, त्या उडीपर्यंत ऐकायची आणि आत जायची. प्रत्येक वेळी. तिला ठाऊक होतं मी कुठून कुठे उडी मारतोय ते.

एका दिवशी अक्का आली, सोबत गावाकडच्या दोन बायका. मी रंगात आलो. अक्का हसून हसून डोळे पुसत होती. महानंदा दारात उभी होती, तीही जरा हसली. अक्का तिच्याकडे वळली.

"तू नगं हसूस. तू तवा हातातल्या वाढवल्यास आन् सांजच्याला ह्याच्या नरड्यात नळी घालायची येळ आली. येवढी वर्सं नांदलीस, बाईमानसानं अशा वक्ताला हात जपावा, ह्ये बी कळंना व्हय तुला?"

दोघी बायकांनी कप खाली ठेवले. महानंदा म्हणाली, "व्हय अक्का. चुकलंच माजं." आणि तिने रिकामे कप गोळा करायला सुरुवात केली.

मी तेव्हा बिस्कीट चहात बुडवलं होतं. ते तुटून कपात पडलं. मी चमच्याने ते काढत बसलो. सगळा वेळ मी ते बिस्कीटच काढत होतो. आयसीयूत मी तिला मारलं तेव्हा मला ताप होता, मेंदू जागेवर नव्हता, सगळं मान्य. आता कुठला ताप होता? ऑक्सिजन व्यवस्थित, शुद्ध व्यवस्थित, चष्मा डोळ्यांवर. मला लाज वाटली, अजून वाटते, आणि ती आजारपणाची नाही.

अक्काला सांगितलं

अन्न गोड लागेना. पुढच्या वेळी अक्का आली तेव्हा इरण्णाही आलेला होता. महानंदा आत ज्वारीच्या कण्या शिजवत होती. अक्काने विचारलं, "बरं हाय न्हवं आता?" मी म्हणालो, "अक्का, तिच्या बांगड्या मी फोडल्या."

'फोडल्या' हा शब्द ऐकूनच अक्का दचकली. मी थांबलो नाही. हात सोडवून घेतलेला, चमचा, हेर, हिच्या हातचं पाणी पिऊ नका, हिला नदीपार हाकला, सगळं सांगितलं.  आत पळी वाजायची थांबली होती.

 अक्का म्हणाली, "वातात हुतास रं तू. शुदीत कुटं हुतास? तुजा काय दोष?" आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला माफी मिळायला एवढाच वेळ लागला. महानंदाला दोष लागला तेव्हा तिच्या बाजूने असं एक वाक्य कुणाला सापडलं नव्हतं. मी म्हणालो, "अक्का, दोष नाही हे तिला सांग." अक्का उठली, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "नंदा, आगं मला काय म्हाईत." त्यापलीकडे तिला जमलं नाही.

इरण्णा खुर्चीवरून उठला. माझ्याकडे बघितलं नाही. बहिणीला कानडीत काहीतरी म्हणाला आणि चहा न घेता गेला.

माझी समजूत होती की आता मन हलकं होईल. बरेच लोक असं सांगतात. सगळे गेल्यावर मी आत गेलो. महानंदा पातेल्यात पळी फिरवत होती, पाठ माझ्याकडे.

"कुनी सांगितलं हुतं सांगायला?" ती म्हणाली. "मी झाकून ठिवलं हुतं की. अक्काचं बोलनं मला काय नवं हाय? ते मी ऐकून सोडलं असतं. आता माज्या भावाला कळलं, तुमी मला चारचौघांत काय म्हनलाव ते. उद्या मैंदर्गीत कळंल. तुमाला हलकं वाटलं. माजं काय?"

मी म्हणालो, "मग गप्प बसायला हवं होतं का?"

"गप बसलाव तवा बी माजंच मरन, बोललाव तवा बी माजंच," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. पाय अजून लवकर थकतात. तिने स्टूल सरकवलं. मी बसलो. मग तिने विचारलं, "येक इचारते. खरं सांगा. तुमच्या त्या लढाईत तुमच्याकडनं कोन कोन हुतं?"

मी आठवून सांगितलं. तुकाराम पाटकरी होता. वॉर्डबॉय होता. अक्का होती. ज्याच्याशी माझं नोकरीत कधी पटलं नाही तो एक साहेबसुद्धा माझ्या बाजूने लढत होता.

"आन् मी?"

मी पातेल्याकडे बघितलं.

"येकदा बी? तीस वर्सं ह्या घरात भाकरी थापली. तुमच्या त्या सीनाथडीत मी येकदा बी नव्हते?"

खोटं बोलायला जागा होती. तिला कुठे कळणार होतं, ते राज्य माझ्या डोक्यातलं. मी डोळे मिटून खरंच शोधलं. खाटेच्या पायथ्याशी बघितलं, पहाऱ्यावर बघितलं, पुन्हा पुन्हा. ती दिसली, प्रत्येक वेळी दिसली, पण पडद्याच्या पलीकडून येताना.

"नव्हतीस," मी म्हणालो.

तिने गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं. 

"मंग रोज दोन टायमाला मीच येत हुते म्हनायचं," ती म्हणाली, "नदी वलांडून."